सार्वजनिक घरांची फेरी

डंगवर्थ हे शेफिल्ड शहराच्या पश्चिमेला टेकड्यांमध्ये वसलेलं छोटं गाव. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला मी तिथल्या ‘रॉयल हॉटेल’ नावाच्या पबमध्ये पहिल्यांदा शिरलो, तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या काचा आतून वाफेनं धुरकटल्या होत्या. ओल्या लोकरी कोटांचा वास येत होता. कोपऱ्यातल्या ऑर्गनवर कुणीतरी सूर धरला आणि अख्खी खोली गाऊ लागली. हातात पुस्तक असणारे थोडेच. बायका वरच्या पट्टीत, मागच्या भिंतीला टेकलेले शेतकरी खर्जात, मधले लोक मधल्या सुरांत, आणि कुणीही कुणाला खूण करत नव्हतं. माझ्या शेजारचे सत्तरीतले गृहस्थ डोळे मिटून गात होते. त्यांच्या हातातला काठोकाठ भरलेला ग्लास तालाबरोबर हलत होता, पण थेंबही सांडत नव्हता.

मला आमच्या गावचा हरिनाम सप्ताह आठवला. तिथेही पहाटेच्या काकड्याला म्हातारी माणसं अशीच डोळे मिटून गायची. फरक इतकाच की हे भजन देवळात नव्हतं, दारू मिळते त्या जागी होतं. ते तिथे कसं आलं हे विचारत गेलो, तेव्हा पब ही काय चीज आहे ते मला हळूहळू समजलं.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या खेड्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन सहसा नसे. पश्चिमेकडच्या माडीवर गावातलेच सुतार, लोहार, शेतकरी व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो घेऊन बसत आणि गाणाऱ्यांना साथ करत. चाली त्यांच्याच, वळणंही त्यांचीच. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये सुधारणेचं वारं आलं. पाद्रीमंडळींना हे संगीत ओबडधोबड वाटू लागलं. माडीवरची मंडळी उतरवली गेली, त्यांच्या जागी ऑर्गन आणि झगे घातलेली शिस्तबद्ध गायकमंडळी आली. थॉमस हार्डीच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या १८७२च्या कादंबरीत याच बेदखलीची गोष्ट आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी ही गाणी विरून गेली. शेफिल्डच्या आसपासच्या गावांनी मात्र ती उचलून पबमध्ये नेली आणि आजतागायत टिकवली.

त्यातही एक मौज आहे. १७०० साली इंग्लंडच्या चर्चनं मान्य केलेल्या स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत नाताळाचं म्हणून एकच गीत होतं, मेंढपाळांना देवदूत भेटल्याचं, ‘व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड’. शब्द एकच मिळाले, म्हणून लोकांनी चाली बांधायचा सपाटा लावला. शेफिल्डकडे हे एकच गीत एकाच बैठकीत चार-पाच चालींवर गातात आणि कुणालाही ते जास्त वाटत नाही. यातली ‘क्रॅनब्रुक’ ही चाल कँटरबरीचा जोडे शिवणारा कारागीर थॉमस क्लार्क यानं १८०५ साली प्रसिद्ध केली. पुढे हीच चाल यॉर्कशायरच्या इल्कली माळावरच्या गमतीच्या गाण्याला जाऊन चिकटली. आज लोक ते गाणं ओळखतात, मूळ भजन विसरले आहेत. डंगवर्थला ते जुन्या शब्दांसकट ऐकायला मिळतं. नोव्हेंबरातल्या युद्धस्मरणदिनानंतरच्या रविवारी ही गाणी सुरू होतात आणि २६ डिसेंबर, म्हणजे बॉक्सिंग डे, उलटला की संपतात. उरलेलं वर्षभर ती कुणी गात नाही. वोरॉल गावच्या ‘ब्लू बॉल’मध्ये काही गाणी निराळी, स्टॅनिंग्टनची आणखी निराळी. म्हणून हौशी माणसं एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये, एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. मी शेफिल्डला सहा वर्षं होतो, त्यातले पाच डिसेंबर मी हेच केलं.

एका पबमधून दुसऱ्यात असं हिंडण्याला इंग्रजीत ‘पब क्रॉल’ म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणं. शेवटी शेवटी माणूस रांगत जाईल, असा त्यात अर्थ आहे, आणि नाताळच्या आधीच्या शुक्रवारी रात्री कुठल्याही इंग्रज शहराच्या मुख्य रस्त्यावर उभं राहिलं तर नाव सार्थ वाटतं. पण ज्यांनी मला हिंडवलं ती माणसं सावकाश, बोलत, दर ठिकाणी थोडं बसून पुढे जाणारी होती. त्यांच्या हिंडण्याला क्रॉलपेक्षा फेरी म्हणणंच बरं.

आपल्याकडे पबबद्दल गैरसमज होतो तो शब्दापासूनच. पुण्या-मुंबईत ‘पब’ म्हटलं की दणदणीत संगीत, अंधार आणि महागडं बिल डोळ्यासमोर येतं. मूळ शब्द ‘पब्लिक हाऊस’, म्हणजे सरळ सार्वजनिक घर. त्याच्यासमोर आपला ‘परमिट रूम’ हा शब्द ठेवून पाहा. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागू केला, आणि परवानाधारकांनी बसायची ती खोली झाली परमिट रूम. एका शब्दात घर आहे आणि दुसऱ्यात परवानगी. त्यामुळे आपल्याकडे आजोबा, सून आणि सातवीतला नातू रविवारी दुपारी परमिट रूममध्ये जेवायला बसल्याचं चित्र डोळ्यासमोर येत नाही. इंग्लंडमध्ये ते रोजचं आहे.

‘घर’ हा शब्द नुसता म्हणायला नाही. १८३० साली ब्रिटिश संसदेनं बिअरहाऊसचा कायदा केला. जिनसारख्या कडक दारूनं गरीब वस्त्या पोखरल्या होत्या, लोकांनी त्यापेक्षा बिअर प्यावी असा हेतू होता. कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकानं दोन गिनी भरायच्या आणि आपल्या घरी बिअर विकायची. पहिल्या सहा महिन्यांतच चोवीस हजारांहून जास्त बिअरघरं उघडली. अनेकांनी घरातली पुढची खोलीच गिऱ्हाइकांना मोकळी करून दिली. आजही जुन्या पबमध्ये शेकोटी, भिंतीवरचा कागद, खिडकीतली फुलदाणी पाहिली की आपण कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत आलोय असं वाटतं, त्याचं मूळ तिथे आहे.

पाट्यांचं मूळ त्याहून जुनं. लोकांना वाचता येत नव्हतं तेव्हा दारावर चित्र टांगत. ‘व्हाइट हार्ट’, म्हणजे पांढरं हरिण, हे राजा दुसऱ्या रिचर्डचं चिन्ह. ‘रॉयल ओक’ म्हणजे १६५१ साली वूस्टरच्या लढाईत हरल्यावर दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षात लपला तो. या पाट्या वाचत हिंडलं तरी अर्धा इतिहास होतो.

थंडीत घरोघर हिंडून पिण्याची रीतही या देशात पब्जच्या आधीची आहे. तिला ‘वॅसेल’ म्हणतात. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘निरोगी राहा’ अशा शुभेच्छेपासून आला. गरम, मसाले घातलेल्या बिअरचं किंवा सायडरचं मोठं भांडं घेऊन मंडळी दारोदार जात, गात, आणि बदल्यात काहीतरी मिळवत. सॉमरसेटकडे अजून जानेवारीत सफरचंदाच्या बागांत जाऊन झाडांना गाणी म्हणतात, मुळाशी सायडर ओततात आणि फांद्यांवर पावाचे भाजलेले तुकडे ठेवतात. झाडांनी पुढच्या वर्षी भरभरून फळावं म्हणून.

आजचा सर्वांत गाजलेला नाताळी क्रॉल आयर्लंडचा. त्याला ‘नाताळचे बारा पब’ म्हणतात. मित्रांची टोळी, अंगात भडक नक्षीचे नाताळी स्वेटर, आणि प्रत्येक पबला एक नियम: इथे डाव्या हातानंच ग्लास उचलायचा, तिथे कुणाला नावानं हाक मारायची नाही. डब्लिनमधले काही पबवाले या टोळ्यांना दारातूनच परत पाठवतात, आणि मला त्यांचं पटतं. थोडा हिशेब करू. ब्रिटनमधला पिंट ५६८ मिलिलिटरचा. चार टक्क्यांची साधी बिअर धरली तर एका पिंटात सव्वादोन युनिट मद्यार्क येतो. बारा पिंट म्हणजे पावणेसात लिटरच्या वर बिअर आणि सत्तावीस युनिट. ब्रिटनच्या आरोग्य अधिकाऱ्यांची २०१६पासूनची शिफारस आठवड्याला चौदा युनिटांपलीकडे जाऊ नये अशी आहे. एका रात्रीत पंधरवड्याचं पिणं झालं. माझ्याबरोबरची जुनी माणसं प्रत्येक ठिकाणी अर्धा पिंट घेत आणि सहा पब्जवर थांबत. मी बरेचदा एकाआड एक ठिकाणी जिंजर बिअर घ्यायचो, त्यावर कधी कुणी शब्दानं बोललं नाही.

बोललं असतं ते ‘राउंड’ चुकवल्यावर. राउंड म्हणजे पाळी. चौघं असतील तर एकानं चौघांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं. हिशेब कुणी लिहीत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात तो पक्का असतो. माझं झालं, निघतो, असं म्हणता येत नाही, आपली पाळी द्यायची असते. क्रॉलची लांबीही पुष्कळदा यातूनच ठरते. जितकी माणसं तितक्या पाळ्या, आणि दर पाळीला नवा पब. ही पद्धत माणसाला जरुरीपेक्षा जास्त प्यायला लावते हे सरकारनंही ओळखलं होतं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून ऑक्टोबर १९१५पासून लंडनमध्ये दुसऱ्यासाठी पेय विकत घेणं हाच गुन्हा ठरवला गेला. जेवणाबरोबर पाजलं तर चालत असे. युद्ध संपलं, तो हुकूम गेला. दुपारी पब बंद ठेवायची युद्धातली सक्ती मात्र इंग्लंडमध्ये १९८८पर्यंत टिकली.

आता तळघरात जाऊ, कारण एक पब आणि दुसरा यांतल्या बिअरच्या चवीत फरक का असतो ते खाली उतरल्याशिवाय कळत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला जो पब होता, तिथल्या मालकीणबाईंनी मला एकदा खाली नेलं. वयानं माझ्या आईएवढ्या, आणि मला ‘लव्ह’ म्हणायच्या. यॉर्कशायरमध्ये बसचा ड्रायव्हरही प्रवाशाला ‘लव्ह’ म्हणतो. पायऱ्या अरुंद, छत बुटकं, हवा पावसाळ्यातल्या देवळाच्या गाभाऱ्यासारखी थंड. लाकडी घडवंचीवर आडवी पिंपं. एका पिंपाला फर्किन म्हणतात, त्यात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पिंट बिअर.

ही बिअर कारखान्यातून पुरी होऊन येत नाही. तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि ती पिंपात आंबत राहते. म्हणून पिंप आलं की ते हलवायचं नाही. पोटावरच्या बुचाच्या मधोमध सच्छिद्र लाकडाची बारीक खुंटी ठोकतात, तिच्यातून जास्तीचा वायू फसफसत बाहेर पडतो. बाईंनी माझं बोट त्या खुंटीजवळ धरायला लावलं. अगदी बारीक, थंड फेस बोटाला लागत होता. बिअर निवळावी म्हणून माशाच्या वाताशयापासून केलेला चिकट पदार्थ तिच्यात घालतात, साका तळाला बसतो. एक-दोन दिवसांनी मोगरीच्या एका फटक्यात तोंडाशी नळ बसवायचा. तो फटका नीट बसला नाही तर बिअरची चिळकांडी छताला जाते. एकदा पिंप उघडलं की हवा आत जाते आणि साधारण तीन दिवसांत बिअर संपवावी लागते. तळघर अकरा ते तेरा अंशांवर ठेवायचं. वर काउंटरवर जो लांब दांडा ओढतात तो खालून बिअर खेचणारा हातपंप, त्याचं पेटंट जोसेफ ब्रामानं १७९७ साली घेतलं.

म्हणजे कारखाना एकच, पिंप एकाच घाण्याचं, तरी दोन पबमधली चव दोन तऱ्हेची. घरोघरचं लोणचं वेगळं लागतं तसंच. १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळून, तापवून, वायू भरून थंडगार केलेली एकसारखी बिअर सगळीकडे धाडायला सुरुवात केली, तेव्हा हे कौशल्य संपायला आलं होतं. १९७१ साली चार मित्रांनी त्याविरुद्ध ग्राहकांची एक चळवळ सुरू केली. ‘कॅमरा’ हे तिचं नाव. जिवंत बिअर आज मिळते ती मोठ्या प्रमाणात या चळवळीमुळे, आणि जुन्या पब्जच्या आतल्या लाकूडकामाची, काचांची नोंदही तिनंच करून ठेवली आहे.

आवडता पब कसा असावा यावर जॉर्ज ऑर्वेलनं ९ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये एक लेख लिहिला. बसथांब्यापासून दोन मिनिटांवर, रेडिओ नाही, बोलता येईल इतकी शांतता, काउंटरवरच्या बायका गिऱ्हाइकांना नावानं ओळखतात, मागे बाग, बागेत मुलं खेळतात. सगळं सांगून झाल्यावर तो कबूल करतो की ‘द मून अंडर वॉटर’ नावाचा असा पब मुळात नाहीच. मला तो लेख फार आवडतो, कारण बिअरबद्दल त्यात थोडंच आहे. बाकी सगळं माणसाला माणसासारखं वागवण्याबद्दल आहे.

आणि म्हणूनच, जिथे तसं वागवलं गेलं नाही ती गोष्टही इथेच सांगायला हवी. बर्मिंगहॅमला लागून स्मेदिक नावाचं गाव आहे. ओतशाळांचं गाव. १९५०-६०च्या दशकात पंजाबातून आलेले हजारो लोक तिथे भट्ट्यांवर राबत. जुन्या पबमध्ये दोन खोल्या असत, कामकऱ्यांची साधी ‘बार’ आणि गालिचा घातलेली ‘स्मोक रूम’. अनेक पबमध्ये गोऱ्या नसलेल्या माणसाला स्मोक रूममध्ये काही देत नसत. सार्वजनिक घर, पण आतल्या खोलीत मज्जाव.

इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल हे स्वतः ओतशाळेत काम करणारे. त्यांनी आणि साथीदारांनी या भेदाविरुद्ध पब क्रॉलच काढले. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घ्यायचं, एकामागून एक पबमध्ये जायचं, कुणाला देतात आणि कुणाला नाकारतात याचे साक्षीदार जमवायचे, आणि पबचा परवाना नूतनीकरणाला आला की हरकत घ्यायची. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. जौहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ या पबमध्ये घेऊन गेले, तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला आणि सार्वजनिक जागेत असा नकार देणं बेकायदा ठरलं.

पुढे ओतशाळा बंद पडल्या, गोरी गिऱ्हाइकं पांगली, पब ओस पडू लागले. ते चालवायला पंजाबी घरं पुढे आली. तेच आजचे ‘देसी पब’. तापलेल्या लोखंडी ताटात तंदुरी कोंबडी, शीख कबाब, कांदा चरचरत येतो, शेजारी इंग्रज म्हातारा बिटर बिअरचा पिंट घेऊन डार्ट फेकत असतो. वेस्ट ब्रॉमिचच्या ‘रेड लायन’मध्ये या स्थलांतराचा इतिहास रंगीत काचांच्या खिडक्यांत उतरवला आहे, चर्चच्या खिडक्यांत संत असतात तसा. नाताळात मी तिथे दोनदा गेलो. माझ्या मते इंग्लंडमधला अस्सल पब आज पाहायचा असेल तर तिथे जावं.

ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांच्या आसपास पब होते. आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली, करांचा बोजा वाढला, आणि अनेक ठिकाणी पबपेक्षा त्याखालची जमीन महाग झाली. लोकही गप्प बसले नाहीत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं २००३ साली ‘ओल्ड क्राउन’ हा आपला एकुलता एक पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. लंडनमधल्या ननहेड भागातला ‘आयव्ही हाऊस’ बिल्डरच्या हाती जाणार होता, २०१३ साली तिथल्या रहिवाशांनी मिळून तो घेतला. साखर कारखाना आणि दूध डेअरी सहकारात उभारलेल्या आपल्या लोकांना यातलं मोल सांगायला नको.

आमच्या गल्लीतला पब वाचला नाही. मालकीणबाई थकल्या, इमारत ज्या कंपनीच्या मालकीची होती तिनं ती विकली, आणि वर्षभरात तिथे किराणा-मालाचं दुकान आलं. पुढच्या डिसेंबरात आमची फेरी ठरली तेव्हा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी यादी केली. सहा पब्जच्या त्या यादीत तिसरं नाव त्या बंद पबचं होतं. कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या पबमधून निघून आम्ही त्या दुकानासमोर पदपथावर थांबलो. काचेतून साबणाच्या पुड्यांची रांग दिसत होती. आजोबांनी हातमोज्यातलं बोट काचेला लावून दाखवलं, शेकोटी तिथे होती, डोमिनोचं टेबल तिथे, आणि त्यांचे वडील शनिवारी बसायचे ती खुर्ची थेट आता फ्रिज आहे तिथे. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे वळून म्हणाले, पुढच्या ठिकाणी तुझी पाळी आहे, आणि आम्ही रस्ता ओलांडला.